तीस अंशांच्या घरात बिअर मोजताना

मार्चमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामांकडे गेले तेव्हा काजूच्या फेणीच्या भट्ट्या ऐन भरात होत्या. घरी केलेल्या बिअरच्या दोन बाटल्या मी सोबत नेल्या होत्या. मामांनी घोटभर चव घेतली, मान डोलावली आणि आत जाऊन फडक्यात गुंडाळलेला ग्राव घेऊन आले. ग्राव म्हणजे फेणीवाल्यांचं तरंगतं काचमाप. फेणीत सोडलं की जितकं खोल जाईल तितकी फेणी कडक. बिअरमध्ये सोडलं तर ते बुचासारखं वर आलं, पट्टीवरचा सगळ्यात खालचा आकडासुद्धा बिअरच्या बाहेर राहिला. "बाय, ह्याच्यात दारू नाहीच गं," मामा म्हणाले, "पाण्यापेक्षाही कमी दाखवतंय."

त्या बाटलीत पाच टक्क्यांच्या वर अल्कोहोल होतं. मापही बिघडलेलं नव्हतं. फेणी गाळलेली असते, तिच्यात पाणी आणि अल्कोहोल सोडलं तर जवळजवळ काही नसतं. म्हणून ती पाण्यापेक्षा किती हलकी यावरून तिची ताकद कळते. बिअर गाळलेली नसते. अल्कोहोल तिला हलकं करतं आणि यीस्टला न पचलेले माल्टमधले, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतले, गोड-पिठूळ अंश तिला जड करतात. या ओढाताणीत ती बहुतेक वेळा पाण्याहून थोडी जडच राहते. तयार बिअरमध्ये एकदा माप बुडवून टक्के सांगता येत नाहीत, मग ते माप मामांच्या भट्टीतलं असो की ऑनलाइन मागवलेलं अल्कोहोलमीटर.

बिअरसाठी घनतेची दोन मापं घ्यावी लागतात. एक यीस्ट घालण्याआधी, दुसरं यीस्टचं काम संपल्यावर. मधली घट म्हणजे यीस्टने खाल्लेली साखर, आणि त्या साखरेचं अल्कोहोल झालेलं असतं. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. अडचण अशी की ती पुस्तकं २० अंश सेल्सिअसच्या घरांसाठी लिहिलेली आहेत, आणि फोंड्यातलं माझं स्वयंपाकघर मे महिन्यात ३२ वर असतं. मोजताना, आंबवताना, बाटलीत भरताना, चव घेताना हे बारा अंश सतत मध्ये येतात. ते हिशेबात धरायला शिकले तेव्हा कुठे माझी बिअर सुधारली.

एक गोष्ट आधी सांगते. गोव्यात अबकारी कायदा १९६४ चा आहे आणि दारू तयार करणं, विकणं परवान्याच्या कक्षेत येतं. घरगुती प्रयोग करण्याआधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कचेरीत विचारून घ्या, विकण्याचा विचार करू नका, आणि २१ वर्षांखालच्या कुणाच्या हातात ग्लास देऊ नका.

आधी मापाचीच परीक्षा

लागणारं साहित्य थोडं आहे: हायड्रोमीटर (पाण्याला १.००० धरून द्रवाची घनता दाखवणारं तरंगतं काचमाप), तो उभा तरंगेल अशी उंच काचेची नळी, थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि वही. हायड्रोमीटरची पट्टी साधारण ०.९९० ते १.१०० किंवा त्याच्या वर असावी. दुधाचा लॅक्टोमीटर स्वस्तात मिळतो आणि दिसतोही तसाच, पण त्याची पट्टी बहुधा १.०४० च्या आसपास संपते. पेल एल या साध्या, फिकट रंगाच्या बिअरचा वर्ट, म्हणजे उकळून तयार झालेलं माल्टचं गोड पाणी, १.०४८ ला सुरू होतो. लॅक्टोमीटर इथेच हात टेकतो.

नवीन हायड्रोमीटर आणला की इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात सोडा. २० अंशांवर तो १.००० दाखवायला हवा. इथेच पहिला गोंधळ होतो. आपल्या खोलीत पाणी २९-३० अंशांवर असतं, तेव्हा तो ०.९९८ च्या जवळ दाखवतो आणि माणसाला वाटतं माप खोटं आहे. खोटं नाही. गरम पाणी पसरतं, हलकं होतं, म्हणून माप जास्त बुडतं. पाणी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून २० वर आणा आणि मग पाहा. तरीही १.००२ दाखवत असेल तर पट्टीचा कागद आत सरकलेला आहे. मग प्रत्येक मापातून दोन पॉइंट वजा करायचे. (१.०४८ मधले ४८ म्हणजे पॉइंट. बोलताना सगळे असंच बोलतात.)

पाण्यातली परीक्षा पट्टीचं एकच टोक तपासते. दुसरं टोक साखरेने तपासा. १० ग्रॅम साखर आणि ९० ग्रॅम पाणी काट्यावर तोलून, पूर्ण विरघळवून, २० अंशांवर आणा. १.०४० यायला हवं. नळी मोठी असेल तर २५ आणि २२५ घ्या. या दोन परीक्षांत पास झालेल्या हायड्रोमीटरवर मी डोळे झाकून विश्वास ठेवते. न तपासलेल्या मापाने काढलेले टक्के कुणी सांगितले तर ते मनावर घेत नाही.

तापमानाचा हिशेब पाठ करण्याइतका सोपा आहे. २० अंशांना जुळवलेल्या हायड्रोमीटरवर २५ अंशांना १ पॉइंट मिळवा, २८ ला २, ३० ला अडीच, ३२ ला ३, ३५ ला ४. तुमच्या पट्टीवर १५.५ अंश किंवा ६० फॅरेनहाइट लिहिलेलं असेल तर आणखी जवळजवळ एक पॉइंट. चाळीसच्या वर मापूच नका. हिशेब सैल होतो आणि उकळत्या वर्टमध्ये काच तडकते. तडकलेल्या हायड्रोमीटरच्या पोटातले बारीक छर्रे वर्टमध्ये सांडले तर तो सगळा वर्ट फेकावा लागतो.

पहिला आकडा

दहा लिटरच्या एका खेपेचं उदाहरण घेऊ. सव्वादोन किलो पेल माल्ट, तासभर उकळ, थंड करून फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात. यीस्ट घालण्याआधी नमुना काढायचा. तो काढण्यात तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक ढवळण्याची. उकळताना पाणी आटलं म्हणून वरून थंड पाणी घातलं असेल, तर जड वर्ट तळाशी आणि पाणी वर असे थर राहतात. तोटीतून काढलेला नमुना १.०६० दाखवेल, वरून काढलेला १.०३५. दोन्ही खोटे. उकळत्या पाण्यातून काढलेल्या लांब पळीने पाच मिनिटं मनापासून ढवळा. यीस्टला सुरुवातीला लागणारा प्राणवायूही त्यातून मिळतो, म्हणजे ही मेहनत दोनदा कामी येते.

दुसरी, बुडबुड्यांची. हायड्रोमीटर सोडला की बोटांनी एक गिरकी द्या. काचेला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि माप जास्त दिसतं.

तिसरी, डोळ्याची. वरून वाकून पाहू नका. खाली बसा, द्रवाची पातळी आणि डोळा एका रेषेत आणा. काचेला लागून द्रव थोडा वर चढलेला दिसतो. तो चढ सोडून मधली सपाट पातळी वाचायची.

समजा ३२ अंशांवर १.०४५ दिसलं. तीन पॉइंट मिळवून १.०४८. वहीत दोन्ही आकडे आणि तापमान लिहा. नुसता दुरुस्त केलेला आकडा लिहिला तर महिन्याने "हे दुरुस्त केलं होतं की नव्हतं?" हा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. मापलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नका. चाखा. गोड, कडवट, जाडसर लागेल. ही चव लक्षात राहिली की शेवटी यीस्टने काय केलं ते जिभेलाही कळतं.

प्रकाश किती वळतो यावरून साखर सांगणारा, थेंबाभरात काम होणारा रिफ्रॅक्टोमीटर आता बऱ्याच जणांकडे असतो. वर्टसाठी तो उत्तम. त्याच्यावरचा ब्रिक्सचा, म्हणजे साखरेच्या टक्क्यांचा, आकडा चारने गुणला की साधारण पॉइंट मिळतात, १२ ब्रिक्स म्हणजे १.०४८. पण आंबवण सुरू झालं की त्याचा आकडा सरळ वाचू नका. अल्कोहोल प्रकाशाला वेगळं वळवतं. १२ ला सुरू झालेली बिअर शेवटी ६ ब्रिक्स दाखवते, म्हणून गुणाकार करून १.०२४ समजाल आणि आंबवण अडकलं म्हणून घाबराल. खरी घनता तेव्हा १.०११ च्या आसपास असते. दुरुस्तीची सूत्रं आहेत, पण शेवटच्या मापासाठी मी हायड्रोमीटरच वापरते.

यीस्टचं काम संपलं का?

टक्क्यांपेक्षा या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि हायड्रोमीटरचा खरा उपयोग इथे आहे. एअरलॉकमधले, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले, बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपलं, हे खरं नाही. झाकण नीट बसलं नसेल तर बुडबुडे दिसतच नाहीत. उलट दुपारी खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि संपलेली बिअरही बुडबुडे सोडते.

आठव्या-दहाव्या दिवशी माप घ्या. नमुना दोन ग्लासांत पाच-सहा वेळा उलटसुलट ओतून त्यातला वायू काढा, नाहीतर बुडबुडे माप वर ढकलतील. दोन दिवसांनी पुन्हा घ्या. आणखी दोन दिवसांनी पुन्हा. तिन्ही आकडे तापमान दुरुस्त करून सारखे आले तरच संपलं म्हणायचं.

आणि आकडा नुसता स्थिर असून भागत नाही, तो पटणाराही हवा. १.०४८ पैकी किती पॉइंट गेले ते पाहा. १.०१० ला थांबली तर ४८ पैकी ३८ गेले, म्हणजे ७९ टक्के. बहुतेक एल यीस्ट ७२ ते ८० च्या दरम्यान थांबतात. १.०२० ला स्थिर झाली तर ती संपलेली नाही, अडकलेली आहे.

हा फरक मी एका मे महिन्यात शिकले. उकाडा म्हणून फर्मेंटर एसीच्या खोलीत १८ अंशांवर ठेवला होता. दहाव्या दिवशी १.०१८ दिसलं, बुडबुडे नव्हते, एवढ्यावर मी बाटल्या भरल्या आणि ओट्याखाली ठेवल्या. तिथे ३३ अंश. थंडीने निजलेलं यीस्ट बाटलीत जागं झालं. बाराव्या रात्री पहिला आवाज आला. सकाळी ओट्याखालचं दार उघडलं तर हिरव्या काचेचा बारीक चुरा तांदळाच्या डब्यापर्यंत पसरलेला होता आणि एका बाटलीचा तळ सुरीने कापल्यासारखा वेगळा पडला होता. स्वयंपाकघरात त्या वेळी कुणी नव्हतं, याची आठवण अजून येते.

त्याचा हिशेब नंतर मांडला. आंबवण संपण्याआधी भरलेल्या बाटलीत उतरणारा प्रत्येक पॉइंट बिअरच्या आकारमानाच्या निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार करतो. उरलेल्या एका बाटलीतली बिअर १.०११ ला पोचली होती. सात पॉइंट, म्हणजे साडेतीन पट वायू, त्यावर फेसासाठी घातलेल्या साखरेचा आणि आधीच विरघळलेला मिळून सव्वादोन-अडीच पट. एकूण सहाच्या घरात. पुन्हा वापरलेली बिअरची बाटली तीनच्या पुढे भरवशाची राहत नाही.

अडकलेल्या बिअरवर उपाय साधा आहे. फर्मेंटर २४-२५ अंशांच्या जागी हलवा, हळूच गोल फिरवून तळाचं यीस्ट वर आणा, चार दिवस थांबा. तरी हललं नाही तर ताजं यीस्ट कोमट पाण्यात जागं करून घाला.

हिशेब

सूत्र असं: सुरुवातीच्या घनतेतून शेवटची वजा करा आणि १३१.२५ ने गुणा. आपल्या खेपेत शेवटचं माप २८ अंशांवर १.००८ आलं, दोन मिळवून १.०१०. १.०४८ वजा १.०१० म्हणजे ०.०३८. गुणिले १३१.२५ म्हणजे ४.९९. पाच टक्के.

इथे कुणी म्हणेल, दुरुस्ती न करता १.०४५ मधून १.००८ वजा केलं तरी ४.८६ येतं, मग एवढा खटाटोप कशाला? दोन्ही मापं जवळपास सारख्या तापमानाला घेतली की चुका एकमेकींना खातात, हे खरं. पण वर्ट बर्फात थंड करून २० वर मापला आणि बिअर मात्र ३२ च्या खोलीत, तर शेवटचा आकडा १.००७ दिसेल आणि हिशेब ५.४ वर जाईल. एकच बिअर, अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक. शिवाय आंबवण संपलं की नाही ते ठरवताना तर दुरुस्तीशिवाय गत्यंतर नाही.

बाटलीत घातलेल्या साखरेचंही अल्कोहोल होतं. लिटरला ७ ग्रॅम साखर जवळजवळ ०.४ टक्के वाढवते, म्हणजे ग्लासातली बिअर ५.४ ची. ही भर बहुतेक जण विसरतात.

हे सूत्र सात टक्क्यांपर्यंत चांगलं चालतं. पुढे ते कमी दाखवतं. १.०८० वरून १.०१६ ला आलेली कडक बिअर या सूत्राने ८.४ येते, तर बारकाईच्या सूत्राने ९ च्या जवळ. पाहुण्यांना देताना मी मोठा आकडा सांगते, कारण स्कूटरवरून घरी जायचं की नाही हे ते त्यावरून ठरवतात.

सुरुवातीचा आकडा लिहायचाच राहून गेला तरी एक वाट आहे. वायू काढलेली २५० मिली बिअर २० अंशांवर मापा आणि घनता लिहा. मग ती भांड्यात मंद आचेवर निम्मी होईपर्यंत उकळा, खिडकी उघडी ठेवून आणि ज्वाळेवर वाकून न पाहता. अल्कोहोल उडून जातं. थंड झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा बरोबर २५० मिली करा, २० अंशांवर आणा आणि मापा. घनता वाढलेली दिसेल. जितके पॉइंट वाढले त्यांना ०.७ ने गुणा. सात पॉइंट वाढले तर पाच टक्के. एका पॉइंटची चूक पाऊण टक्का इकडेतिकडे करते, म्हणून तीनदा करून सरासरी घ्या. उतू जाणारी बिअर असेल तर फेसाकडे लक्ष ठेवा.

बाटली

आंबवण २८-३० अंशांवर झालं असेल तर बिअरमध्ये विरघळलेला वायू कमी उरतो, सुमारे ०.६५ ते ०.७ पट. २० अंशांवर हाच ०.८५ असतो. चार ग्रॅम साध्या साखरेने लिटरमागे एक पट वायू तयार होतो. पेल एलला २.४ हवा, म्हणजे १.७ भरून काढायचा, म्हणून लिटरला ७ ग्रॅम. साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकदाच मिसळा. प्रत्येक बाटलीत चमच्याने घातली की एक बाटली मेलेली आणि दुसरी उसळणारी निघते.

एक बाटली काचेऐवजी सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. ती दाबून पाहिली की आत किती वायू झाला ते हाताला कळतं. दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. आपल्याकडे हे सहा-सात दिवसांत होतं, पुस्तकांतले दोन आठवडे लागत नाहीत.

ग्लासात

टक्के बरोबर आले म्हणजे बिअर चांगली झाली असं नाही. पण आकडे हाताशी असले की जिभेला काय शोधायचं ते कळतं. म्हणून मी वही उघडी ठेवूनच चव घेते.

ग्लासापासून सुरुवात करा. आपल्या घरात बांगड्याची आमटी आणि ग्लास एकाच घासणीने घासले जातात. काचेवर राहिलेला तेलाचा न दिसणारा थर फेस क्षणात मारतो, आणि दोष बिअरवर जातो. ग्लास ओला करून उपडा धरा. पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं तर स्वच्छ, थेंबाथेंबांनी थांबलं तर तेलकट. वेगळी घासणी ठेवा आणि सोडा लावून घासा.

बिअर बर्फगार पिऊ नका. गोव्यात हे सांगणं कठीण आहे, तरी परीक्षेपुरतं ऐका. चार अंशांवर जीभ बधिर होते आणि सगळे दोष लपतात. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा, १० अंशांच्या आसपास येऊ द्या. आधी वास, ओतल्या ओतल्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे सुटतं ते नंतर सापडत नाही. मग रंग, फेस, शेवटी घोट. जेवणानंतर नको. तिरफळं घातलेली आमटी जेवून बसलात तर तासभर जिभेला काही विचारू नका.

उष्ण आंबवणाचे दोष आपल्याकडे सगळ्यात जास्त. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झोंबरा वास आणि घशात जळजळ आली, टक्के मात्र पाचच, तर यीस्ट पहिल्या तीन दिवसांत तापलं. बाहेर २९ असताना फर्मेंटरच्या आत ३३-३४ असू शकतात, कारण आंबवण स्वतःच उष्णता देतं. म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, फर्मेंटरला चिकटवून त्यावर कापडाची घडी बांधा. उपाय दोन. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या बदला. ओलं फडकं आणि पंखा डिसेंबरात चालतो, जुलैत हवेतच इतकी ओल असते की फडकं गारवा देत नाही. किंवा यीस्टच बदला. नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं क्वाइक यीस्ट ३५ अंशांवरही स्वच्छ काम करतं. मे महिन्यात मी दुसरं काही वापरत नाही.

पिकलेल्या साळदाटी केळ्याचा वास गव्हाच्या बिअरमध्ये गुण आहे, लवंगेचाही. साध्या पेल एलमध्ये दोन्ही खटकतात.

कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर वही पाहा. बहुधा घाईने भरलेली असते. यीस्ट हा अंश आधी तयार करतं आणि नंतर स्वतःच खातं, फक्त वेळ हवा. बटर पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर तुपकट बुळबुळीतपणा हेही तसंच. हा दोष बाटलीत भरण्याआधी पकडता येतो. दोन वाट्यांत नमुना घ्या, एक झाकून ६०-७० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, मग दोन्ही थंड करून हुंगा. गरम केलेल्यात लोण्याचा वास आला आणि दुसऱ्यात नाही, तर दोष अजून सुप्त आहे, बाटलीत बाहेर येईल. आणखी तीन दिवस यीस्टवर राहू द्या आणि पुन्हा तपासा. दोन्ही वाट्यांत आला तर यीस्ट थकलेलं असेल किंवा जंतू शिरला असेल.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे झाकण ठेवून उकळलं. तासभर उघडं, खळखळ उकळा. बँडेजच्या पट्टीसारखा औषधी वास म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. इस्पितळाची आठवण देणारा हा वास अगदी थोडा असला तरी लपत नाही. पाणी आदल्या रात्री उकळून उघडं ठेवा, किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट घाला. विहिरीचं पाणी वापरत असाल आणि बिअरला लोखंडी तव्यावर ठेवलेल्या आमसुलाची चव आली, तर ती आपल्या तांबड्या जांभ्या मातीतल्या लोहाची. त्या विहिरीला बिअरपुरता राम राम करा.

आंबटपणाची दोन कुळं आहेत. दह्यासारखा मऊ आंबट वेगळा आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर होतं तसा नाकात जाणारा वेगळा. सूर उघडी ठेवली तर काय होतं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. तेच जिवाणू, तीच हवा. शेवटची घनता अपेक्षेपेक्षा खूप खाली, १.००२ वगैरे, आणि बिअर पातळ, आंबट, उसळती, असं एकत्र दिसलं की जंतू शिरला हे नक्की. बाटल्या लगेच फ्रीजमध्ये, नळ्या फेकून नव्या. इथे आकडा आणि जीभ एकच साक्ष देतात.

हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बिअर खिडकीशी राहिली तर उग्र, गंधकासारखा दर्प येतो. प्रकाशाने हॉप्समधला, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधला, अंश तुटतो. तपकिरी बाटल्याच गोळा करा.

राहिला पुठ्ठ्याचा वास. पागोळ्यांखाली भिजलेला खोका घरात आणल्यावर येतो तो. ही जुनी होण्याची खूण आहे आणि उष्णतेत ती फार लवकर येते. दर दहा अंशांना शिळेपण दुप्पट-तिप्पट वेगाने चढतं. तुमची बिअर किती दिवस टिकते ते कुणाच्या सांगण्यावरून मानू नका, घरीच तपासा. एकाच खेपेच्या दोन बाटल्या घ्या, एक फ्रीजमध्ये, दुसरी फडताळात. सहा आठवड्यांनी तीन सारखे ग्लास मांडा. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, तळाला खूण करून. दोन्ही बाटल्या आधी सारख्याच थंड झालेल्या हव्यात. घरच्यांना एवढंच विचारा, "वेगळा ग्लास कोणता?" चांगलं-वाईट विचारू नका. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगेल, म्हणून सहा-सात जण बसवा. आमच्याकडे गेल्या खेपेला सातपैकी सहांनी फडताळातली ओळखली आणि वहिनींनी तर ग्लास तोंडाला न लावता, नुसत्या वासावर. तेव्हापासून बाटल्या कडक झाल्या की त्याच दिवशी आत जातात, आणि फ्रीजमध्ये जागा नसेल तर मी दहाऐवजी पाच लिटरच करते.